शिवेवरचा दुसरा नारळ

गावात शिरलो की आधी कुत्री भुंकायची, मग माणसं गप्प व्हायची. चावडीपुढे चार-पाच जण बसलेले असत. माझ्या बगलेत लाल कापडात बांधलेला कागदांचा बस्ता दिसला की त्यांच्यातला एक हळूच उठायचा, घरी जाऊन कोठीच्या खोलीला कुलूप घालायचा आणि परत येऊन मोठ्या अदबीनं विचारायचा, "कुठून येणं झालं साहेब?"

जणू मी त्याच्या ज्वारीच्या वासावर आलो होतो. तसा संशय येण्यात त्याची चूकही नव्हती. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. धान्याची लेव्ही, म्हणजे सरकारी सक्तीची वसुली, चालू होती. कागद घेऊन येणारा माणूस काहीतरी न्यायलाच येतो, हा लोकांचा दोन पिढ्यांचा अनुभव. मी काही द्यायला आलो नव्हतो हेही खरंच. मी गावं शोधायला आलो होतो.

हे काम काय होतं ते आधी सांगतो, कारण आता ते कुणी करत नाही. परभणी जिल्ह्याच्या जुन्या दफ्तरात अशी पुष्कळ गावं होती की ज्यांना नाव होतं, शीव होती, सर्व्हे नंबर होते, पण घर एकही नव्हतं. कचेरीच्या भाषेत अशा गावाला 'बेचिराख' म्हणत. म्हणजे कुणी जाळलंच असेल असं नाही. कधी प्लेगनं उठलेलं, कधी गोदावरीच्या पुरानं, कधी विहीर आटली म्हणून. माणसं निघून जायची, नाव कागदावर राहायचं. विलीनीकरणानंतर नव्या याद्या करायच्या होत्या. त्यासाठी यातलं कोणतं गाव खरोखर होतं, कुठं होतं, त्यावर हक्क सांगणारं कुणी उरलंय का, आणि नसेल तर ते शेजारच्या कोणत्या गावात घालायचं, एवढं ठरवायचं होतं. मूळ कागद उर्दूत, त्याआधीचे मोडीत. नव्या राज्यात नवे साहेब आले, त्यांना दोन्ही येत नव्हतं. मला दोन्ही येत होतं.

हे मी जरा ठासूनच सांगतो. माझे वडील दुसऱ्याच्या म्हशी राखायचे. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि मी थेट हैदराबादला जाऊन उर्दूतून बी.ए. झालो. त्या काळात मी सहीखाली 'बी.ए.' लिहायचो. रजेच्या अर्जावर, रेल्वेच्या तक्रारवहीत, एकदा तर धोब्याच्या चिठ्ठीवरसुद्धा. कचेरीतले लोक हसायचे. हसू देत. त्यांच्या घरी आजोबांपासून कारकुनी होती, त्यांना त्या दोन अक्षरांचं वजन काय कळणार?

काम करता करता एक गोष्ट शिकलो. कुणावरही विश्वास ठेवायचा नाही. एका गृहस्थानं गावाच्या पाटीलकीची सनद आणून दाखवली. पिवळी, जीर्ण, दीडशे वर्षांची. हातात घेतली तर चहाचा वास. घरच्या बाईनं कागद चहात उकळताना त्यात आलंही टाकलं होतं बहुतेक. दुसऱ्या एका ठिकाणी मी तीन दिवस एक वाडी शोधत फिरलो. ज्या माणसाच्या ओसरीवर रोज पाणी पीत होतो तोच म्हणायचा, "आसली वाडी इकडं न्हाईच बगा." चौथ्या दिवशी कळलं की त्याची ओसरी त्या वाडीतच होती. लेव्हीच्या भीतीनं अख्खी वाडी स्वतःला नाकारून बसली होती.

आणि सगळ्यात जास्त संशय मला यायचा तो आमच्याच लोकांचा. गिरदावर म्हणजे दहा-वीस गावांची पाहणी करणारा अंमलदार. त्यानं शिवेवर पायी फिरून यावं असा नियम. पण उन्हाळ्यात चावडीवर सतरंजी टाकली जायची, माठातलं पाणी यायचं, पाटील सांगायचा आणि गिरदावर लिहायचा : 'समक्ष जाऊन पाहिले.' अशा 'समक्ष' पाहण्या मी पुढे डझनांनी पकडल्या. पकडल्या की मला फार समाधान वाटायचं. म्हणायचो, बी.ए. नसल्यावर असंच होणार.

आता अन्साबाईंची गोष्ट.

आम्ही हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात गेलो त्याच्या पुढच्या साली, आखाडात, एक म्हातारी कचेरीत आली. काळी, उंच, ताठ. लुगड्यावर पांढरे डाग. पाण्यानं न जाणारे, चुन्याचे असतात तसले. तिच्यामागे एक वाकलेला म्हातारा. शिपायानं तिला बाकावर बसवलं तर ती बाकावरून उठून थेट माझ्या टेबलापाशी आली.

"हरवल्याली गावं सापडवून देतूस म्हनं?"

"कोण म्हणतं?"

"समदे म्हनायलेत. आमचं बी दे. करंजदरा."

तो मागचा म्हातारा तिचा दीर, मुंजाजी. ते चुना भाजणारे लोक. खडकाळ रानातून चुनखडी वेचायची, भट्टीत भाजायची, बैल जुंपलेल्या घाणीत दगडी चाकाखाली चुना मळायचा, हा त्यांचा धंदा. करंजदरा नावाचं चौदा घरांचं त्यांचं गाव होतं. प्लेग आला तेव्हा सगळे रानात उठून गेले, आणि तिथून चुडाव्याच्या बाजूला रेल्वेच्या बांधकामावर चुना पुरवायला. काम लागलं, मुक्काम लांबला, पिढी गेली. आता ते चुडावा स्टेशनापासून जवळच, रुळांच्या कडेच्या पडीक जागेत खोपटं घालून राहत होते. चौदा घरांची चौदा खोपटं. आणि आता त्या जागेवरून उठण्याची नोटीस आली होती.

"पावसाळा सरला की उठा म्हनलेत," मुंजाजी म्हणाला. "उठून जावं कुठं? म्हनून म्हनलं, आपलं गाव हाय की. गावठानाची जागा तेवढी आखून द्या. पुढलं आमचं आमी बगतो."

मी विचारलं, "कागद?"

अन्साबाई म्हणाल्या, "कागद आसता तर तुझ्या दारात कशाला आले आसते रं लेकरा?"

मी यादी काढली. करंजदरा त्यात होतं. पण नावापुढे नव्या यादीत एक ओळ होती : 'समक्ष पाहणी झाली. वस्तीची खूण नाही, स्वतंत्र शीव नाही, हक्क सांगणारे कोणी नाही. बोरखडीत सामील करण्यास हरकत नसावी.' खाली फक्त मिसलीचा म्हणजे चौकशीच्या फाइलीचा नंबर. अजून शेवटचा हुकूम निघाला नव्हता, पण तेवढाच बाकी होता. मी वाचून दाखवलं.

"कुनी बगितलं?" अन्साबाईंनी विचारलं.

"सरकारी माणसानं."

"कवा?"

"सात-आठ वर्षं झाली."

"आन् खून घावली न्हाई त्याला? आंधळं हुतं का काय?"

मला राग आला. खरं सांगायचं तर संशयही आला. सरकारी यादीत लिहिलेलं एकीकडे, आणि नोटीस आल्यावर अचानक गाव आठवलेली म्हातारी दुसरीकडे. बोरखडीच्या पाटलाशी वैर असलेल्या कुणीतरी हिला पुढे केलं असणार, असं मी मनाशी धरलं. "चौकशी करू," म्हणालो. कचेरीत त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. तो त्यांनाही माहीत होता. मुंजाजीनं हात जोडले. अन्साबाईंनी जोडले नाहीत.

तो सगळा पावसाळा मी काही केलं नाही.

दिवाळीनंतर चुडाव्याला दुसऱ्या कामानं उतरलो तेव्हा वाकडी वाट करून त्यांच्या खोपटांवर गेलो. मदत करायला नव्हे, पकडायला. अन्साबाईंना एका बाजूला बसवलं, मुंजाजीला गाडीच्या आडोशाला नेलं आणि दोघांना वेगवेगळं विचारलं : करंजदऱ्यात घरं कशी होती? उगवतीकडून सांगा. मुंजाजी गाडीच्या चाकाला टेकून खोकत खोकत सांगत गेला. घाणीपाशी आमचं, मग राणोजीचं, मग दोन जावांचं एका भिंतीचं, मग मारुती, मारुतीच्या पाठीमागं येडीचं... चौदा घरं. नंतर अन्साबाईंना विचारलं. तीच चौदा, त्याच ओळीनं. मारुतीच्या पाठीमागं येडीचंच.

आता बघा माझं डोकं कसं चालायचं. दोघांच्या सांगण्यात फरक पडला असता तर मी म्हटलं असतं, खोटं बोलतात. फरक पडला नाही, तर मी म्हटलं, पाठ करून आलेत.

"तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा गाव होतं?" मी विचारलं.

"न्हाई. गाव तवा उठल्यालं. सासूनं सांगितलं त्ये सांगायले."

"म्हणजे तुम्ही पाहिलेलंच नाही!"

"तुझ्या पनज्याला तू बगितलंस का? मग नाव कामून लावतूस?"

एव्हाना जवळ येऊन बसलेला मुंजाजी हसला आणि हसता हसता त्याला मोठी ढास लागली. मी निघालो तेव्हाही तो खोकतच होता.

त्यानंतर महिन्याभरात मी बोरखडीला गेलो. तिथला माली पाटील, म्हणजे सारावसुलीचा पाटील, आबासाहेब मोठा गोड माणूस. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, बोलणं साखरेसारखं. चावडीपुढे पोरं, गडी, बाया यांची धांदल चाललेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याचं लग्न, वऱ्हाड सोनतळला जाणार होतं.

"या या साहेब! जुनी वळख विसरले न्हाईत म्हनायचं."

गोड माणसं सगळ्यांनाच जुनी ओळख म्हणतात. मी तिकडे लक्ष दिलं नाही. करंजदऱ्याचं विचारलं.

"आवो कसला करंजदरा! कागदावरचं नाव हाय त्ये. बोरखडीची शीव सरली की सोनतळची लागली. मधी कुत्रंबी न्हाई राहत."

"मधलं रान कोणाचं?"

"आमच्या गावचं गायरान. वाडवडलापासून."

त्यांच्या शेताकडे पाहताना एक गोष्ट खटकली. काळ्या रानात ठिकठिकाणी पांढऱ्या मातीचे ढीग टाकलेले. गाडीतून उतरवलेले, अजून पसरायचे राहिलेले. हे आमच्या धंद्यातलं पहिलं गणित. शेतीची जमीन काळी असते, पण जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, शेण-राख साचली, तिथली माती पांढरी होते. म्हणून तर गावठाणाला पांढरी म्हणतात. ही माती शेताला चांगली, म्हणून लोक ओसाड गावांची पांढरी खणून गाड्या भरून नेतात.

"ही माती कुठली आणली?" मी विचारलं.

"नदीकडची," आबासाहेब लगेच म्हणाले. जरा जास्तच लगेच.

त्यांनी लग्नाला चलाच असा आग्रह धरला. मला खूश ठेवण्याची ही तऱ्हा, हे मला कळत होतं. पण वऱ्हाडाच्या गाड्या त्याच मधल्या रानातून जाणार होत्या. मी हो म्हणालो. सकाळी बैलगाड्या जुंपल्या. पुढच्या गाडीत नवरदेव, बाशिंग बांधून, घामानं निथळत. त्याच्या शेजारी आबासाहेब आणि मी. जुवापाशी गावचा न्हावी गणपत, मांडीवर नारळांची पिशवी घेऊन.

आमच्याकडची रीत वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नवरदेव गावाची शीव ओलांडताना शिवेवर नारळ फोडायचा. शिवेवरच्या देवाला मान दिल्याशिवाय बाशिंग बांधलेला मुलगा परक्या हद्दीत न्यायचा नाही. दोन गावं लागून असली की मध्ये शीव एकच, म्हणून नारळ एकच.

एका बाभळीपाशी गाडी थांबली. शेंदूर फासलेला दगड होता. गणपत उतरला, नारळ फोडला, पाणी शिंपडलं, एक तुकडा नवरदेवावरून ओवाळून टाकला. गाडी निघाली. मी मनाशी म्हटलं, झालं, आता आपण सोनतळच्या हद्दीत. बाया गाणी म्हणत होत्या. मैलभर गेलो असू. ओढ्याच्या अलीकडे गाडी पुन्हा थांबली. पुन्हा शेंदराचा दगड. पुन्हा गणपत पिशवीत हात घालून उतरला आणि दुसरा नारळ फोडला.

मी विचारलं, "गणपतराव, हा कशाचा?"

"सोनतळच्या शिवंचा."

"मग मघाचा?"

"त्यो करंजदऱ्याच्या शिवंचा की," गणपत सहज म्हणाला. मग त्यानं आबासाहेबांकडे पाहिलं आणि उरलेली करवंटी हातात तशीच धरून उभा राहिला.

बायांची गाणी चालूच होती. मी आबासाहेबांना म्हणालो, "कागदावर तुम्ही म्हणता मध्ये गाव नाही. मग त्याच्या शिवेला नारळ कशाला?"

आबासाहेबांनी नवरदेवाकडे पाहिलं. फेटा सारखा केला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच साधा, बिनसाखरेचा आला.

"साहेब, कागदाचं एक आसतं. पोराच्या जिवाशी खेळ कुठं करता येतो?"

मी तिथंच गाडीतून उतरलो. वऱ्हाड पुढं गेलं. दोन शिवांच्या मधल्या रानात मी अर्धा दिवस ऊन डोक्यावर घेऊन फिरलो. आणि दिसलं. एका उंचवट्यावर पांढरी. तिची एक बाजू ताज्या कुदळींनी खणलेली, चाकोऱ्यांच्या खुणा थेट बोरखडीकडे गेलेल्या. गाव गाड्या भरभरून शेतात पसरलं जात होतं. उगवतीच्या टोकाला गोल खंदक, बैलांच्या पायांनी आणि दगडाच्या चाकानं कोरलेला. चुन्याची घाणी. चाक दोन तुकडे होऊन बाजूला पडलेलं. त्याला लागून एका भिंतीचा पाया. घाणीपाशी आमचं, मुंजाजी म्हणाला होता. तिथून मी मोजत चाललो. मध्ये मारुती होता, नाकापर्यंत मातीत गेलेला, पण कपाळाला शेंदूर. दहाव्या पायापर्यंत मला ओळ लागली. पुढची चार घरं गाडीनं गेली होती.

आता मला एकच माणूस हवा होता. ज्यानं 'समक्ष जाऊन पाहिले, खूण नाही' असं लिहिलं तो. आबासाहेबांचं मी समजू शकत होतो, त्यांना रान हवं होतं. पण सरकारी माणूस? इथं पाय ठेवला असता तर आंधळ्यालाही ठेच लागली असती. कोण हरामखोर आहे ते काढायचंच, असं ठरवून मी कचेरीत आलो आणि जुन्या दफ्तराच्या खोलीत शिरलो.

मिसल तिच्या जागी नव्हती. मग संशय आणखी वाढला : कुणीतरी दडवली. चार दिवस मी बस्ते सोडत होतो आणि बांधत होतो. नाकात धूळ, बोटांवर कसर. पाचव्या दिवशी बोरखडीच्याच पाटीलकीच्या कागदांत शिवलेली सापडली. कुणी दडवली नव्हती, कुणी आळशानं चुकीच्या दोऱ्यात ओवली होती एवढंच.

चार ओळी, उर्दूत. अक्षर सुरेख होतं. वळणदार, ठसठशीत, मोत्यासारखं. वाचता वाचता मला ते आवडलंसुद्धा. 'मौजे मजकूर समक्ष जाऊन पाहिले. चारी बाजू पायी फिरलो.' खाली सही. सहीखाली, उर्दूतच, दोन अक्षरं.

बी.ए.

मी बाकावर बसलो. सगळं आठवलं. नोकरीचं पहिलं वर्ष, वैशाख. यादीत अकरा गावं, साहेबाची घाई. बोरखडीच्या चावडीवर सतरंजी, माठाचं पाणी, कुणीतरी कापून आणलेलं कलिंगड. एक हसरा तरुण पाटील सांगत होता आणि मी लिहीत होतो. एका दुपारी तीन गावं उरकली होती मी. जुनी ओळख म्हणाले होते आबासाहेब. खोटं नव्हते बोलले.

आता जे सांगतो ते सांगायला मला तीस वर्षं लागली. तो कागद मी परत दोऱ्यात ओवू शकत होतो. नव्या साहेबाला उर्दूचं अलिफ येत नव्हतं. नवी पाहणी लिहायची, 'पूर्वीची पाहणी अपुरी' म्हणायचं, मिसल सापडत नाही म्हणायचं. गावही मिळालं असतं आणि मीही सुटलो असतो. दोन दिवस मी मिसल पिशवीत घेऊन घरी नेली आणि आणली. पण अडचण अशी होती की जुनी पाहणी खोटी आहे असं कुणी सांगितल्याशिवाय ती तशीच खरी राहत होती. आबासाहेबांचा वकील तीच पुढं करणार होता. आणि ती खोटी आहे हे छातीठोक सांगू शकणारा माणूस जिल्ह्यात एकच होता.

मी चुडाव्याला निरोप धाडला. ठरल्या दिवशी अन्साबाई आल्या, सोबत त्यांच्यातले चार-पाच जण. मुंजाजी नव्हता.

"मुंजाजी कुठाय?"

"गेला," त्या म्हणाल्या. "संक्रांतीच्या आधी. जाऊस्तोर ईचारायचा, सायबाची चवकशी कुठवर आली?"

मी बस्ता बगलेत मारला आणि वाटेला लागलो.

आम्ही करंजदऱ्याला गेलो. अन्साबाई त्या मातीवर पहिल्यांदाच आल्यासारख्या चालत नव्हत्या. दरसाल मारुतीला शेंदूर लावायला येत होत्याच. पंच म्हणून सोनतळचे दोघं आणि गणपत न्हावी होते. गणपत येईल असं वाटलं नव्हतं. पाटलाच्या गावात राहायचं होतं त्याला. तो म्हणाला, "म्या काय नवं सांगायलोय? नारळ फोडायलो तेवढं सांगतो."

मी घाणीच्या फुटक्या चाकावर बसलो, मांडीवर फळी घेतली आणि लिहायला लागलो. अन्साबाई समोर उभ्या.

"मागचं कुनी लिवलं हुतं त्ये घावलं का?"

"हो."

"कोन?"

"मी."

वारं सुटलं होतं. पांढरी माती उडून कागदावर बसत होती. मला वाटलं अन्साबाई शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग उठ," त्या म्हणाल्या. "त्या दगडावर बसू नगं. त्यो आमचा घाणीचा दगड हाय. हितं भुईवर बस आन् लिव्ह."

मी उठलो. त्या मातीत मांडी घालून बसलो आणि पंचनामा लिहिला. दोन्ही शिवांचे दगड, दहा घरांचे पाये, घाणी, मारुती, खणलेली पांढरी, गणपतची साक्ष. शेवटी लिहिलं : 'यापूर्वीची पाहणी मी स्वतः केली होती. ती जागेवर न जाता बोरखडीच्या चावडीवर बसून लिहिलेली आहे. ती खोटी आहे.' खाली सही केली. सहीखाली, सवयीनं, बी.ए. लिहिलं. मग क्षणभर थांबलो, पण खोडलं नाही. खोट्या कागदावर लिहिलं होतं, तर खऱ्यावर का नको?

साहेबांनी तो वाचून मला विचारलं, "हे शेवटचं लिहायची काही गरज होती?" मी म्हणालो, "बाकीचं त्याच्यावरच उभं आहे साहेब." त्यांनी मान हलवली. माझी बढती पुढे बरीच वर्षं अडकली. ती त्यामुळंच, की आणखी कशामुळं, कचेरीत कोण सांगतो? माझा आपला संशय आहे.

करंजदरा स्वतंत्र राहिलं. गावठाण आखून मिळालं. चौदांपैकी नऊ घरं आली. पाच आली नाहीत. कुणी परभणीला हमालीत रुळलं होतं, कुणाला पोरं नव्हती. मुंजाजीच्या जागी कुणी नाही. त्याच्या वाटणीचा पाया त्यांनी तसाच सोडला आहे, घाणीपाशी.

महाराष्ट्र झाला त्या साली अन्साबाईंच्या नातवाचं लग्न निघालं. बोलावणं आलं. मी भीत भीतच गेलो. वऱ्हाड गंगाखेडकडच्या गावाला जाणार होतं, पण आधी गावातून निघून आपल्या शिवेवर. ओढ्यापाशी गाडी थांबली. शेंदराचा दगड तोच. गणपतच नारळ घेऊन उतरला होता. बोरखडीचं काम सांभाळून करंजदऱ्याचंही तोच करत होता आता.

"थांब गणपत," गाडीतून अन्साबाई म्हणाल्या. "सायबाच्या हातात दे त्यो."

गणपतनं नारळ माझ्या हातात दिला. सगळं वऱ्हाड माझ्याकडं पाहायला लागलं. मी दगडापुढं वाकलो, नारळ डोक्याच्या वर उचलला.

"दमानं," मागून म्हातारीचा आवाज आला. "आधी शीव बगून घी नीट. मंग फोड."